टोक धरणारा

१

छपराच्या मापाला दोन माणसे लागतात. एक वर आढ्याशी टेपचे टोक धरतो, दुसरा खाली भिंतीपाशी आकडा वाचतो. धरणाऱ्याने आपण काय धरले आहे ते मोठ्याने सांगायचे असते. वापरून जुन्या झालेल्या टेपच्या टोकाची कडी सैल होते आणि एखादे सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडे-तिकडे करते. म्हणून पुष्कळदा कडीवर विश्वास न ठेवता एक इंचाची रेघ आढ्याला लावतात आणि वाचलेल्या आकड्यातून तेवढा इंच वजा करतात. अशा वेळी वरचा म्हणतो, "एक सोडून." कडीच लावली असेल तर म्हणतो, "शून्यावर." हा शब्द ऐकल्यावरच खालच्याने आकडा लिहावा, असा नियम आहे. चोपन्न वर्षे मी हा नियम कधी मोडला नाही, असे मी लोकांना सांगत असे.

आमचे गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शनिवार-रविवारी धरण पाहायला जाणाऱ्यांच्या गाड्या गावातून जातात; एरवी शांतता असते. या वर्षी एप्रिलमध्ये बौद्ध विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधण्याचे काम निघाले. काढणारी भारती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षे शिक्षिका होती आणि गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिने स्लॅब नाकारला, पत्राही नाकारला. पत्र्यावर आमच्याकडचा पाऊस पडू लागला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तशा खोलीत तिने अर्धे आयुष्य शिकवले होते. तिला लाकडी वासे आणि कौले हवी होती. अशी कामे करणारा पंचक्रोशीत मीच उरलो आहे. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. मी नाही म्हणायला हवे होते. परंतु अभ्यासिकेला नाव द्यायचे होते तिच्या वडिलांचे, भीमराजचे. आणि भीमराज बारा वर्षे माझ्या टेपचे टोक धरत होता.

नाही म्हणण्याचे कारण मला सांगता आले नसते.

पहिल्या दिवशी टोक धरायला माझा पुतण्या अमृत आला. तो बेचाळीस वर्षांचा आहे, कामाला चोख, बोलायला सैल. त्याच्याजवळ लाल उजेडाने माप घेणारे एक यंत्र आहे. बटण दाबले की आकडा उमटतो.

"तात्या, ह्याला टोक धरायला मानूस लागत न्हाई," तो म्हणाला. "चहा बी मागत न्हाई."

मी त्याला सांगितले की यंत्राला शब्द देता येत नाही, आणि ज्याला शब्द देता येत नाही त्याच्या मापावर मी करवत चालवू देणार नाही. तो हसला आणि चढला. वर बसल्यावर त्याला संगमनेरच्या वखारीतून फोन आला. फोन कानाशी धरूनच त्याने टोक लावले आणि काहीतरी म्हटले. मी मान डोलावली. आकडा अकरा फूट आठ इंच. एक वजा. मी वहीत लिहिले : अकरा फूट सात.

२

लाकूड आणायला अमृत टेम्पो घेऊन संगमनेरला गेला आणि मी मापाची फेरतपासणी करायला एकटाच राहिलो. ही माझी जुनी सवय आहे. आढ्याच्या बाजूला एक खिळा ठोकायचा, त्यात टेपची कडी अडकवायची, शिडी उतरायची आणि भिंतीवर बसवलेल्या लाकडापाशी आकडा वाचायचा. कडी थेट खिळ्याला, म्हणजे वजा काही करायचे नाही. वहीतला आकडा आणि हा आकडा एक यायला हवा. कडीच्या ढिलाईमुळे फार तर एखाद्या सुताचा फरक.

अकरा फूट आठ आले.

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचले. सकाळचे अकरा वाजले होते, चार भिंतींच्या आत सावली नव्हती, आकड्यावर ऊन होते. अकरा फूट आठ, आणि एक सूतही कमी-जास्त नाही.

मी शिडी चढलो. कडी खिळ्यात बरोबर बसली होती. टेपला पीळ नव्हता, मध्ये कुठे अडथळा नव्हता. उतरून वाचले. अकरा फूट आठ. उन्हाने टेप वाढते, पण केसाएवढी. झोळ पडला तर आकडा वाढतो, परंतु पुरता इंच वाढायला झोळ डोळ्यांना दिसला असता. चुका नेहमी ओबडधोबड असतात. दोन सूत, पाच सूत, पाऊण इंच. बरोबर एक इंचाची चूक हातून होत नाही. ती कोणीतरी मुद्दाम केल्यासारखी असते. वर कोणी रेघ धरून बसावे आणि मला सांगू नये, तशी.

हा विचार मनात आला तेव्हा मी एकदा आढ्याकडे पाहिले. आठवड्यापूर्वी सात माणसांनी चढवलेले सागाचे आढे, त्यामागे पांढरे आकाश. दुसरे काही नव्हते.

टेप गुंडाळण्याआधी मी ती जरा सैल सोडली. सैल सोडली की तिच्या पोटात झोळ पडतो आणि ती कडकड वाजते. त्या दिवशी वाजली नाही. माझ्या हातातून चार बोटे पुढे गेली आणि तशीच ताठ राहिली, जणू सैल झालेली टेप वरच्याने ओढून घेतली.

वारा असावा, असे मी ठरवले. विहारासमोरचा पंचशील ध्वज खांबाला चिकटून लोंबत होता, तो मी मुद्दाम पाहिला नाही.

३

दुपारी भारती चहाची किटली घेऊन आली. ती खुर्चीवर बसत नाही. उतरवलेल्या विटांवर पदर आवरून बसली. तिच्याबरोबर एक लांबट लोखंडी पेटी होती. ती तिने माझ्यासमोर उघडली. आत तेल लावलेल्या फडक्यांत गुंडाळलेली अवजारे होती : दोन रंधे, पटाश्या, गुण्या, ओळंबा. मी प्रत्येक अवजार ओळखत होतो. पटाशीच्या मुठीवर हातोडीचे घाव कुठे आहेत हेही मला न पाहता सांगता आले असते.

अभ्यासिकेत काचेच्या कपाटात ही पेटी ठेवायची, असे तिने ठरवले होते. पोरांना कळावे की हे घर कोणाच्या नावाचे आहे. उद्घाटन पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी मी भीमराजबद्दल दोन शब्द बोलावेत, अशी तिची इच्छा होती. गावात आता त्याच्या हाताचे काम पाहिलेला दुसरा कोणी नाही, आणि नाथामिस्त्रीच्या शब्दाला वजन आहे, असे ती म्हणाली.

मग तिने ते विचारले. मला वाटते, ती त्यासाठीच आली होती.

चौऱ्याऐंशी साली आम्ही एका गावच्या शाळेचे छप्पर करत होतो. त्या कामावरून तिचे वडील भरदुपारी घरी परतले. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. ते कोणाशी बोलले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी एकेक अवजार पुसले, त्याला तेल लावले, फडक्यात बांधले, जणू दुसऱ्या दिवशी मोठे काम आहे. पेटीला कुलूप घातले. ते कुलूप त्यांनी परत उघडले नाही. पुढे सत्तावीस वर्षे त्यांनी साखर कारखान्याच्या फाटकावर राखणदारी केली. अकरा वर्षांपूर्वी ते गेले.

"लोक म्हणायचे, भीमराजनी माप चुकवलं, सगळे वासे वाया घालवले," भारती म्हणाली. "मी दादांना विचारलं. एकदा न्हाई, लई वेळा. ते एवढंच म्हणायचे, नाथाला विचार. तो सांगंल ते खरं."

तिने किटलीचे झाकण लावले. "तर आज विचारते, नाथाकाका. चूक त्यांची होती का?"

मी पेटीतल्या गुण्याकडे पाहत होतो. मी उत्तर दिले, "टोक तो धरत होता, भारती. वाचन माझे होते."

या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. तिने मान हलवली. चाळीस वर्षे तिला जे सांगितले गेले होते तेच मी पुन्हा सांगितले होते, पण माझ्या तोंडून आल्यामुळे आता ते पक्के झाले होते. जाताना तिने पेटी माझ्याकडेच ठेवली. वडिलांच्या अवजारांना तुमच्याजवळ बरे वाटेल, असे काहीसे म्हणाली.

४

जे घडले ते असे.

भीमराज सुताराच्या घरात जन्मला नव्हता. त्याच्या वडिलांनी छप्पन सालानंतर धम्म स्वीकारला आणि गावकीची कामे सोडली. भीमराज एका कारखान्याच्या बांधकामावर, दुसऱ्याच्या हाताकडे पाहत सुतारकाम शिकला. उमेदवारीच्या काळात हातोडी बसून त्याच्या डाव्या अंगठ्याचे नख उभे चिरले होते आणि पुढे ते दोन फाकांतच वाढत राहिले. त्या अंगठ्याने तो टोक दाबून धरी. टोक पक्के बसले की टेपला दोन हलके झटके देई, आणि मग शब्द देई. खालच्याचे लक्ष नसेल तर झटक्याने यावे म्हणून.

शाळेच्या कामाच्या दिवशी सकाळी आम्ही नवी टेप विकत घेतली होती. नव्या टेपची कडी पक्की असते. तिला एक इंच सोडण्याची गरज नसते. भीमराजने टोक लावले, दोन झटके दिले आणि म्हणाला, "शून्यावर."

मी ते ऐकले. माझ्या कानांवर ते आले, एवढे नक्की. पण बारा वर्षे माझा हात एक वजा करत होता आणि त्या दिवशीही त्याने तेच केले. साहेब पाहणीला येणार होते म्हणून घाई होती; पहिला वासा नमुन्यादाखल वर चढवून पाहायचा आणि मग बाकीचे कापायचे, हा नियम मी बाजूला ठेवला. बत्तीस वासे कापून झाले आणि प्रत्येकाची खाच भिंतीवरच्या लाकडापासून एक इंच आत पडली.

गाव जमले. सरपंचांनी विचारले, माप कोणी चुकवले? भीमराज माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी आता सांगेन, म्हणून तो वाट पाहत होता, इतकेच. आणि मी म्हणालो, "टोक तो धरत होता."

यापुढे मला काही बोलावे लागले नाही. आमच्या घरात सात पिढ्या सुतारकी होती, त्याच्या घरात तो पहिला. लोकांनी बाकीचे स्वतःच जुळवले. त्यांना पुरावा नको होता. भीमराजने टेपचे टोक जमिनीवर ठेवले आणि तो चालू लागला.

ही गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. माझ्या पत्नीलाही नाही, आणि ती आता नाही.

५

दुसऱ्या दिवशी लाकूड उतरले. अमृत आणि दोन मजूर ते रचत होते, आणि मी पुन्हा एकदा माप घ्यायला एकटाच आत गेलो. रात्री मला झोप आली नव्हती. वहीतला आकडा चुकीचा असेल तर तो चोवीस वाशांत चुकेल, हे मला समजत होते. परंतु वहीतला आकडा चुकीचा आहे असे मानायचे म्हणजे मी चुकलो असे मानायचे, आणि त्या गोष्टीची मला सवय नव्हती.

खिळ्यात कडी अडकवली. उतरलो. प्रत्येक पायरीला गुडघे दुखत होते आणि मला वाटत होते की हे काम कोणीतरी माझ्या हातातून काढून घ्यावे. भिंतीपाशी जाऊन टेप ओढू लागलो, तर ती आधीच ताठ होती.

मग दोन झटके आले. हलके, ओळखीचे.

मी वर पाहिले नाही. आकड्यावर बोट ठेवून उभा राहिलो. बाहेर फळ्या आपटल्याचा आवाज थांबला होता. मजूर पाणी प्यायला गेले असावेत. आणि वरून, अगदी कामातल्या माणसाच्या साध्या, थकलेल्या आवाजात, कोणीतरी म्हणाले, "शून्यावर."

कबुतर असेल. रस्त्यावरून कोणी बोलत गेले असेल. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या कानांवर विसंबून काही ठरवू नये, असे मी पुस्तकांतही वाचले आहे. मी स्वतःला ही सगळी कारणे क्रमाने सांगितली. आकडा अकरा फूट आठ होता. पण टोक शून्यावर धरले आहे, यावर माझा विश्वास नव्हता. तो मला चुकवण्यासाठी एक इंच सोडून धरतो आहे आणि शून्यावर म्हणतो आहे, असे माझ्या मनात आले. मेलेल्या माणसाला दुसरे काय हवे असणार? माझे वासे वाया जावेत, भारतीसमोर माझी फजिती व्हावी. मी त्याच्या आकड्यातून एक वजा केला आणि वहीतले माप बरोबर ठरले. माझ्या मनाला समाधान वाटले, हे मी लपवत नाही.

वही खिशात घालून वळलो, तेव्हा पायाला काहीतरी लागले. शिडीच्या पायथ्याशी, धुळीत, माझा खिळा पडला होता. वाकडा झालेला, आढ्यातून निसटून कधीच खाली आलेला.

टेप माझ्या मागे अजून ताठ होती.

मी ती भिंतीवर तशीच सोडून बाहेर आलो. वासे कापायला घे, असे मी अमृतला सांगितले. त्याने विचारले की एक वासा आधी चढवून बघायचा ना. तो माझाच नियम होता. मीच त्याला शिकवला होता. पण वासा चढवायचा म्हणजे आढ्यापाशी कोणीतरी जायचे आणि मी खाली उभे राहायचे. मी म्हणालो, वहीतले माप पुरेसे आहे.

संध्याकाळी तो टेप काढून घेऊन आला. "तात्या, तिथंच कशापायी सोडली? वर खिळा बी न्हाई. आढ्याच्या भेगंत आडाकली व्हती." हे कारण पटण्यासारखे होते. मी ते पटवून घेतले.

६

चोवीस वासे कापायला दोन दिवस लागले. अमृत विजेच्या करवतीने कापे, मी गुण्याने खुणा करी आणि खाचा पटाशीने साफ करी. माझी पटाशी सापडत नव्हती म्हणून मी पेटीतली घेतली. ती इतक्या वर्षांनंतरही धारदार होती. दर खाचेगणिक खांदा जड होत गेला. या वयात दमणे निराळे असते. ते विश्रांतीने जात नाही, फक्त थोडे मागे सरून बसते. तरी चोवीस वासे एका ओळीत ठेवले तेव्हा त्यांची टोके पाण्याच्या पातळीसारखी समान दिसली आणि मला जुना अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वासे चढवायला घेतले. नावाच्या पाटीची जागा ठरवायला भारती आली होती आणि दारात उभी होती.

पहिला वासा आढ्याला टेकला. खाली त्याची खाच भिंतीवरच्या लाकडापर्यंत पोचली नाही. मजुरांनी वासा उतरवून उलटसुलट पाहिला आणि दुसरा चढवला. मग तिसरा. अमृतने मला काही विचारले नाही. त्याने खिशातून ते यंत्र काढले, लाल ठिपका आढ्यावर टेकवला आणि आकडा बराच वेळ पाहत राहिला.

"अकरा फूट आठ," तो हळूच म्हणाला.

मी यंत्र मानत नाही, असे म्हणालो. त्याने निमूट माझी टेप घेतली, वर चढून कडी भेगेत अडकवली, उतरला आणि टेप माझ्या हातात दिली. मजूर बाहेर सावलीला जाऊन बसले होते. मी वाचले. अकरा फूट आठ.

म्हणजे भीमराज एक सोडून धरत नव्हता. पहिल्या दिवसापासून तो शून्यावरच धरत होता, आणि तसे सांगतही होता.

भारती आत आली. काय झाले, असे तिने विचारले. अमृतने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होते मला माहीत नाही, पण ते पाहून त्याने मान खाली घातली.

"माजीच चुकी हाय, बाई," तो म्हणाला. "टोक मी धरलं व्हतं. फोनवर बोलत व्हतो. धरलं शून्यावर आन् बोललो आसंन एक सोडून. तात्यांचं वाचन कदी चुकत न्हाई."

तो खोटे बोलत होता, आणि माझ्यासाठी बोलत होता. त्याने त्या दिवशी काय म्हटले ते मला त्या क्षणी स्वच्छ ऐकू आले, फोन कानाशी असतानाही नीट दिलेला शब्द. मी मान डोलावली होती आणि एक वजा केला होता.

मला काही करावे लागणार नव्हते. मी फक्त उभा राहिलो असतो तरी पुरले असते. हातातली टेप जड झाली होती. मी वर पाहिले.

आढ्याच्या भेगेपाशी, टेपच्या टोकावर, एक अंगठा होता. लाकडावर टोक दाबून धरलेला. हात नव्हता, किंवा असला तर आढ्याच्या पलीकडच्या बाजूला होता आणि मला दिसत नव्हता. नख मधोमध चिरलेले होते आणि दोन्ही फाका दाबाने पांढऱ्या झाल्या होत्या. किती वेळ धरले असावे त्याने.

"अमृतने शून्यावर म्हटले होते," मी म्हणालो. माझा आवाज मलाच वाचून दाखवल्यासारखा वाटला. "मी ऐकले नाही. चूक माझी आहे." आणि मग, थांबलो असतो तर पुन्हा बोलता आले नसते म्हणून, "शाळेच्या वेळीही तसेच झाले. तुझ्या वडिलांनी शून्यावर म्हटले होते."

पुन्हा वर पाहिले तेव्हा भेग होती, कडी होती, आकाश होते.

७

भारती रडली नाही. ती वाया गेलेल्या वाशांच्या रचणीवर बसली आणि बराच वेळ एका खाचेच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. माझ्याजवळ येऊन तिने काही म्हटले असते, मला दोष दिला असता, तर मला बरे वाटले असते, असे मला वाटते.

"ते म्हणायचे, नाथाला विचार," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, तुमच्यावर भरवसा हाय म्हणून म्हणतात."

मी हातातली टेप भिंतीपाशी ठेवली.

"इथं आपल्या तिघांत बोलून भागणार न्हाई, नाथाकाका. त्यांना ज्यांच्यापुढं बोललात, त्यांच्यापुढं बोला. त्यातले निम्मे मेलेत. उरलेल्यांना मी बोलावणं धाडते." ती उठली. पेटीतली पटाशी तिने माझ्या अवजारांतून उचलली, फडक्याने पुसली आणि पेटीत ठेवली.

वाया गेलेल्या लाकडाची किंमत मी भरायची, असे मी ठरवले. ते सोपे होते. त्या लाकडाची आता अभ्यासिकेत बसायला बाके होत आहेत.

नवे लाकूड सोमवारी आले. माप पुन्हा घ्यायचे होते. अमृत शिडीकडे निघाला होता, पण भिंतीपाशी माझ्या हातात टेप पाहून तो थांबला. त्याला वाटले की मी आधीच वर जाऊन कडी अडकवून आलो. मी अडकवली नव्हती. मी टेप खिशातून काढली, तिचे टोक भिंतीवर ठेवले आणि चष्मा पुसायला खाली पाहिले, एवढेच. मान वर केली तेव्हा ती आढ्यापर्यंत सरळ गेलेली होती.

मला वाटले होते की सांगून टाकले की ती सैल होईल. तशी ती झाली नाही. अमृत माझ्या शेजारी उभा होता; त्याच्या खांद्याचा स्पर्श मला जाणवत होता. मी आढ्याकडे न पाहता विचारले, "कशावर धरले आहे?"

अमृत म्हणाला, "कुनाला इच्यारताय, तात्या?"

टेपला दोन झटके आले. मग शब्द आला. तो अमृतला ऐकू आला की नाही, मी त्याला विचारलेले नाही. मी आकडा वाचला, काही वजा केले नाही, आणि वहीत लिहिला : अकरा फूट आठ.

वासे बसले आहेत. आता कौले चढताहेत. उद्घाटन येत्या रविवारी आहे आणि चौऱ्याऐंशी सालच्या त्या गावातून सात माणसे येणार आहेत, असे भारतीने कळवले आहे. मला काय बोलायचे ते मी कागदावर लिहून काढले आहे. तीन ओळी आहेत. टेप मी अभ्यासिकेतच भिंतीवर ठेवली आहे. काल पाहून आलो. ती अजून ताठ आहे.

त्याने कधी घाई केली नाही. खालचा माणूस नीट वाचेपर्यंत तो टोक धरून राहत असे.